तुलनेचं दूध

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर ज्वारीच्या पापड्या राखत बसलो होतो. ते म्हणाले, "अणुऊर्जेवर लिहा. सध्या चर्चा आहे, नवी केंद्रं येणार म्हणतात. तुम्ही आयुष्यभर तिथंच होता. अर्थकारण, पर्यावरण, सगळं येऊ द्या." मी म्हणालो, "मी शास्त्रज्ञ नव्हतो हो. मी दूध मोजायचो." त्यांना वाटलं मी डेअरीत होतो. चुकीच्या माणसाला फोन लागला की काय म्हणून त्यांनी माझं नाव पुन्हा विचारून घेतलं.

तर आधी तेच सांगतो. समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्राच्या बाहेर एक छोटी प्रयोगशाळा होती. केंद्राच्या आत काय होतं ते बघणारी माणसं वेगळी. आमचं काम कुंपणाच्या बाहेरचं. आसपासच्या गावांतलं दूध, मासे, पालेभाजी, गवत, विहिरीचं पाणी, माती आणायची आणि शिशाच्या जाड डब्यात ठेवून यंत्रानं मोजायची. केंद्रातून काही बाहेर पडलंच तर ते आधी या गोष्टींत दिसेल. गाय दिवसभर रानभर चरते, म्हणजे ती आमच्यासाठी अख्खं रान गोळा करून आणते, आणि संध्याकाळी ते दुधात देते. म्हणून दुधाचा मान पहिला.

वाचायला सोपं वाटतं, पण नमुना देणारी माणसं सोपी नसतात. एक कोळीण होती. आम्हाला हवी होती केंद्राचं पाणी जिथं समुद्राला मिळतं तिथली, चिखलातली बारकी मासळी. ती बाई दर वेळी मोठाले, चकचकीत पापलेट द्यायची. कितीतरी महिन्यांनी कळलं, ते पापलेट ती बाजारातून विकत घेऊन द्यायची. का, तर म्हणे सरकारी माणूस दारात आला आणि त्याला काय चिखलातली मासळी द्यायची? आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी त्या महिन्यांचे सगळे आकडे खोडले आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतः चिखलात उतरा." मी उतरलो. तो काळ आठवला की अजून पायाला खारा चिखल लागल्यासारखा वाटतो. बरं वाटतं.

निवृत्तीनंतर मी माझ्या गावी, ईटला, परत आलो. आता डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, माळावर सोलरच्या काळ्या पाट्या पसरल्या आहेत. मला त्या आवडतात. पण पारावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "काका, तुमचे केस त्या अणूमुळंच गेले न्हवं?" मी सांगतो, माझ्या वडिलांचेही गेले होते आणि ते आयुष्यभर तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. तेवढ्यानं लोकांचं समाधान होत नाही. मग माझं डोकं तापतं आणि मी भाषण सुरू करतो. तेच भाषण संपादकांना हवं होतं, तेव्हा देऊन टाकतो.

ईट हे खव्याचं गाव. माझ्या लहानपणी घराघरापुढं खव्याची भट्टी असायची. मोठी कढई, खाली लाकडं, आणि दूध आटेपर्यंत लोखंडी उलथन्यानं हलवत राहणारी बाई. सगळ्या गावाला तो आटत्या दुधाचा गोड, थोडा करपट वास असायचा. मुंबईच्या गर्दीतही कधी मिठाईच्या दुकानामागून तसा वास आला की मी थांबायचो. पण त्या वासापायी आमचे डोंगर बोडके झाले, हेही मी बघितलं. आधी बाभळी गेल्या, मग लिंब, मग झुडपं. दूध तेवढंच, पण लाकडासाठी गाडी रोज लांब जायला लागली.

वीज म्हणजे शेवटी तेच, काहीतरी तापवायचं. कोळशाच्या केंद्राला रोज आगगाड्या भरभरून कोळसा लागतो आणि मागं राखेचे डोंगर उरतात. असं एक केंद्र मी पाहिलंय. तिथल्या लिंबोणीची पानं राखाडी होती आणि पाऊस पडून गेला तरी ती हिरवी दिसत नव्हती. आमच्या केंद्राचं वर्षाचं इंधन काही ट्रकांत मावायचं, आणि धुराडं नावाला होतं. बांधायला मात्र अफाट खर्च येतो, वेळ लागतो, व्याज चढत जातं. हे जे लपवतात ते आमच्याच बाजूचं नुकसान करतात. पण एकदा उभं राहिलं की ते दोन पिढ्या चालतं आणि रात्री, ढगाळ दिवसात, वारा पडल्यावरही चालतं. सोलर दिवसा पंप चालवील, चालवू दे. पण रात्रीच्या दवाखान्याला, कारखान्याला काय? उरलेल्या कचऱ्याला हजारो वर्षं राखण लागते, तेही खरंच. फक्त त्याची राखण करता येते. धुराला कुणी आजवर कोठडीत ठेवलेलं नाही. म्हणून अणुवीज वाढावी असं माझं मत आहे, आणि ते मी पारावर ओरडून सांगतो.

आपल्या जिल्ह्यात मात्र असलं केंद्र कधी येणार नाही, कारण त्याला पाणी लागतं आणि आपल्याकडं उन्हाळ्यात माणसांना टँकर लागतो. आपल्याला ती वीज तारेतून येणार. जे काही सोसायचं ते किनाऱ्यावरच्या माणसांनी. हे वाक्य मी पूर्वी बोलत नव्हतो. ते मला गावातल्या एका बाईमुळं बोलावं लागतं. तिचं नाव सोजरमावशी.

सोजरमावशी आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायच्या. नवरा लवकर गेलेला. त्यांनी म्हशी वाढवल्या आणि शेजारपाजारचं दूध घेऊन भट्टी चालवली. त्यांचा खवा बार्शीचे एक शेठ घ्यायचे, पेढ्यासाठी. दसरा-दिवाळीला तर टेम्पो दाराशी यायचा. त्या एका हंगामावर त्यांचं वर्ष निघायचं.

आता या गोष्टीत मी कसा आलो ते सांगतो. एकदा मॅडम म्हणाल्या, आपल्याकडच्या दुधाचे आकडे आहेत, पण ते जास्त की कमी हे ठरवायला लांबच्या, कुठलंच केंद्र जवळ नसलेल्या गावाचं दूध पाहिजे. तुलनेला. मी लगेच हात वर केला. दसऱ्याला मी गावी जायचोच. तेव्हापासून दर वर्षी मी सोजरमावशींकडून दूध घ्यायचो, नासू नये म्हणून त्यात औषधाचे थेंब टाकायचो, बाटलीवर चिठ्ठी लावायचो आणि बार्शीमार्गे कुर्डुवाडी, तिथून रेल्वेनं ते केंद्रापर्यंत न्यायचो. शिवाय हमीदभाईकडून बकऱ्याच्या गळ्यातली गाठ घ्यायचो. केंद्रातून कधी आयोडीन बाहेर पडलंच तर ते त्या गाठीत साठतं, म्हणून तीही मोजायची असते. हमीदभाई माझा वर्गमित्र, गावचा खाटीक. पहिल्यांदा मागितली तेव्हा तो सुरी हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला. "दत्ता, खरं सांग यार, करणी-बिरणी शिकलास का तिकडं?"

सोजरमावशींनी कधी काही विचारलं नाही. भरलेली चरवी पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मापात घे. म्हशीनं तुज्या सरकारचं काय खाल्लं न्हाय." पैसे घ्यायच्या नाहीत. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एका दसऱ्याला घोटाळा झाला. मी त्यांच्या अंगणात बाटलीत थेंब टाकत होतो आणि शेठचा टेम्पोवाला खवा न्यायला आलेला. त्यानं थेंब बघितले. बाटलीवरची चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर वर छापलेलं होतं अणुविद्युत केंद्र, खाली मी लिहिलेलं होतं दूध, ईट. त्या बिचाऱ्यानं जे वाचलं तेच बार्शीत सांगितलं. ईटच्या दुधात अणू सापडला.

गोष्ट दोन दिशांनी पळाली. भूमकडून एक जमिनीचा दलाल मोटारसायकलवर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, केंद्र कुठल्या शिवारात धरलंय तेवढं सांगा, तुमचं बघून घेऊ." त्याला मी हाकललं. पण बार्शीचे शेठ स्वतः आले तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही.

सोजरमावशींच्या ओट्यावर सतरंजी टाकली. शेठ बसले, चहा घेतला नाही. मावशी दाराशी उभ्या. हमीदभाई माझ्या सोबत आला होता, उगीच आधाराला.

मी बरंच समजावलं. तुलना म्हणजे काय, हे दूध चांगलं आहे म्हणूनच मी नेतो, वगैरे. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं शास्त्र राहू द्या. मला एका शब्दात सांगा. या दुधात अणूचं काही आहे का नाही?"

आता इथं माझ्या धंद्याची एक अडचण वाचकांना सांगायला हवी. आमच्या प्रयोगशाळेत शून्य लिहायला मनाई होती. मॅडम म्हणायच्या, यंत्राला दिसलं नाही असं लिहा, नाहीच असं कधी लिहू नका. आणि दुधात तर यंत्राला दिसतंच. पोटॅशियम नावाचा क्षार असतो, त्याचा अगदी थोडा भाग जगाच्या सुरुवातीपासून किरण सोडतो. केळ्यात तेच, बटाट्यात तेच, आपल्या अंगातही तेच. अपायाचा प्रश्न नाही. पण शेठनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असंच होतं.

मी म्हणालो, "आहे." आणि लगेच पुढं म्हणालो, "तसं ते सगळ्याच दुधात असतं. बार्शीच्याही. तुमच्या माझ्या अंगात—"

शेठ उठले. रागात नव्हते. "मला पटतंय हो," ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नाही हे दिसतंय. पण माझं गिऱ्हाईक दुकानात उभं राहतं, ते 'आहे' ऐकल्यावर पुढचं ऐकायला थांबत नाही." सोजरमावशींना त्यांनी हात जोडले आणि टेम्पो रिकामाच परत गेला.

मावशी माझ्याकडं वळल्या. मी त्यांना तसं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दत्ता, तुला एक न्हाय म्हनता आलं न्हाय? देवळात हुबा व्हतास का रं, खरं बोलायला?"

"मावशी, मी एकदा खोटं बोललो तर उद्या खरं सांगितलेलंही कुणी धरणार नाही. तुम्हाला सांगतो, तिकडं केंद्राजवळ दूध विकणाऱ्या बाया आहेत. त्यांना हे रोज ऐकावं लागतं. अणूच्या सावलीतलं दूध म्हणून बाजारात लोक भाव पाडतात, कुणी घेतच नाही. मी त्यांना सांगू शकतो की बायांनो, तुमचं दूध आणि आमच्या गावचं दूध अगदी सारखं आहे. हे मी तुमच्या दुधाच्या जिवावर सांगतो."

"त्यांचं त्या बघतील," मावशी म्हणाल्या. "माजा खवा कोन घेनार ते सांग."

त्या आत गेल्या. भट्टी चालूच होती, शेजारणींचं दूध आलेलं होतं, ते फेकता येत नव्हतं, म्हणून त्या ते आटवत बसल्या. कुणासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिलो. हमीदभाईनं मला धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "माझ्याकडं बी लोक येऊन विचारतेत, बकऱ्याच्या गळ्यात काय निघालं म्हणून. विचारतेत आन मटन घेऊन जातेत. मटन सोडायला लोकाला लई मोठं कारण लागतं भई." मला हसू आलं आणि त्याच वेळी लाज वाटली. त्या बाईला हसायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला एक सुचलं. मी मावशींना म्हणालो, जेवढा खवा झालाय तेवढा द्या. त्यांनी विचारलंही नाही कुठं नेतोस. हमीदभाईनं त्याच्या ओळखीनं बर्फाच्या लाद्या मिळवून दिल्या, आणि मी डबे घेऊन निघालो. कुर्डुवाडीला रेल्वेत हमाल म्हणाला, "लग्न आहे काय?" मी हो म्हणालो. ते एक खोटं चाललं.

केंद्राच्या वसाहतीत आल्यावर मी डबे थेट प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर ठेवले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दुधाचा नमुना यंत्रात ठेवायला सांगितला. मग आकडा बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पहिला डबा माझा." दुपारपर्यंत वसाहतभर बातमी गेली. ज्यांना पोटॅशियम म्हणजे काय ते माहीत होतं ती सगळी माणसं रांगेत उभी होती. बंगाली, तेलुगू, मल्याळी, खव्याला मराठीत काय म्हणतात तेही कुणाला ठाऊक नाही. त्या दिवाळीत वसाहतीत घराघरात गुलाबजाम झाले. मी आयुष्यात खूप मोजमापं केली, पण त्या रांगेएवढा अभिमान मला कशाचा वाटला नाही.

पण खवा एकदाच गेला. बार्शीचे शेठ परत आले नाहीत. त्यांचं बघून दुसरेही थांबले. मी तिकडं होतो, मावशींचं इथं काय चाललंय ते मला हमीदभाईच्या फोनवरून कळायचं. त्यांनी एक म्हैस विकली. मग काही महिने भट्टी बंदच ठेवली, नुसतं दूध घालायच्या. उन्हाळ्यात परांड्याकडचा एक नवा माणूस आला, त्यानं ईटची अफवा ऐकलेलीच नव्हती, आणि त्याच्यावर भट्टी पुन्हा पेटली. पहिल्यासारखी नाही, पण पेटली. मी आनंदानं वसाहतीत पेढे वाटले आणि कशाचे म्हणून कुणी विचारलं तर सांगितलं, म्हशीचे.

पुढच्या दसऱ्याला गावी आलो तेव्हा मी ठरवून आलो होतो, यंदा मागच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात ओळख काढली होती. तिथल्या एका बाईकडून दूध घ्यायचं, तिला फार काही सांगायचं नाही, आणि निघायचं. मॅडमना तुलनेचं दूध हवंच होतं, ते त्यांना सोडता येत नव्हतं आणि मलाही.

निघायच्या सकाळी मी पिशवी भरत होतो. सोजरमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या माझ्या घरी आल्या नव्हत्या. हातात झाकलेली चरवी.

"त्या तिकडल्या बायांचं दूध अजून मोजतूस का?"

"मोजतो, मावशी."

"घेतेत का लोक आता?"

"थोडे घेतात. भाव पाडूनच घेतात."

त्या आत आल्या, खाली बसल्या. बराच वेळ पदरानं चरवीचा काठ पुसत राहिल्या. "वरीसभर म्या ऐकलं," त्या म्हणाल्या. "पान्याला गेलं तरी ऐकलं, बाजारात ऐकलं. माजं एक वरीस व्हतं. त्या बाया जलमभर ऐकत्यात म्हन की." मग एकदम त्यांनी विचारलं, "आन यंदाचं दूध कुठनं घेनार हायेस?"

मी वाशीकडच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा शाळेतला झालो.

"तिची भट्टी हाय का?"

"आहे."

"मग तिच्या भट्टीवर कशापाई पानी वतायला निघालास?" त्यांनी चरवी माझ्याकडं सरकवली. "माजं नाव एकदा जाऊन आलंय. आता त्याला कोन काय करनार? ह्येच न्हे."

मी तिथं, त्यांच्यापुढं बसून, बाटली हातात घेऊन लहान पोरासारखा रडलो, आणि ते लिहायला मला आज लाज वाटत नाही. त्या दूध ओतत होत्या. धार सांडू नये म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि बाटली भरल्यावरही तो सोडला नाही.

"त्या बायास्नी सांग," त्या म्हणाल्या, "ईटला बी एक हाय म्हनावं."